उजवी पाकळी

फुर्तादो डॉक्टरांनी माझा हात टेबलावर उताणा ठेवला,
मनगटापासून कोपरापर्यंत पेनाने आकडे घातले
आणि प्रत्येक आकड्याशेजारी एक थेंब, थेंबात एक टोच.
वीस मिनिटं हलू नका म्हणाले.
मला देवळातला प्रसाद आठवला:
मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून
भटजी गाऱ्हाणं घालतात, मग सगळे गप्प,
उजवी पडते का डावी.

धुळीचा थेंब तसाच राहिला. काजूच्या मोहोराचा थोडा लाल.
झुरळाला काही नाही (याचा मला उगाच अभिमान वाटला).
सातव्या आकड्यावर चार आण्याएवढी गांधी उठली.
सात म्हणजे मांजर.

"केसांना दोष देऊ नका," डॉक्टर म्हणाले,
"थुंकीत असतं ते. ती अंग चाटते, थुंकी वाळते, उडते,
पडद्यावर बसते, तुमच्या नाकाची वाट बघत.
अजिबात त्रास न देणारी जात नाही.
कमी देणाऱ्या आहेत म्हणतात. म्हणतात."

फोंड्याहून मडकईच्या बसमध्ये मला हसू आलं.
बावीस वर्षांपूर्वी मी विश्रामची जात विचारली नाही
म्हणून घरच्यांनी माझं नाव टाकलं.
आणि आता वीज खात्यातल्या जुन्या बिलांच्या पाठीवर
मी पेन्सिलीने जाती लिहीत होते:
सैबेरियन. बालिनीज.
डेव्हन रेक्स, जिचे केस भिजलेल्या लोकरीसारखे.
स्फिंक्स, जिला केसच नाहीत;
विश्राम फोटो बघून म्हणाला, हिला आधी कुणीतरी स्वेटर द्या.

विश्रामला मांजरं येतात, जशी काहींना गाणी येतात.
संध्याकाळी तो फाटकाबाहेर दगडावर बसून बांगडे साफ करतो,
डोकी, शेपट्या, आतडी, ज्याचं त्याला.
मग नळावर कोपरापर्यंत साबण लावतो,
शर्ट तिथेच उतरवून दोरीवर टाकतो,
उघडा आत येतो.
बावीस वर्षं.
मला वाटायचं, माशांच्या वासापायी.
सातवा आकडा त्याला आधीपासून ठाऊक होता.

पर्वरीच्या ज्युडिट मिनेझिसकडे सैबेरियन आहे.
किंमत ऐकून विश्रामने खुर्ची धरली.
ती म्हणाली, आधी मांजर नको, फडकं न्या.
जुन्या अभ्र्याचं फडकं, तीन दिवस टोपलीत ठेवलेलं,
त्यावर करडे केस, पिशवीला गाठ.
"झोपा याच्यावर. मागीर सांगा."

पहिली रात्र: काही नाही.
म्हणजे झोप नाही, बाकी काही नाही.
फडक्याला कोरड्या पेंढ्याचा वास होता
आणि कुणाच्या तरी लांबलेल्या दुपारचा.
दुसऱ्या रात्री डावा डोळा खाजला;
तो डास असेल असं आम्ही दोघांनी ठरवलं.
तिसऱ्या रात्री विश्राम उठून बसला होता,
पंखा बंद करून, माझा श्वास टिपत,
मीटरचं रीडिंग घ्यावं तसा.
पहाटे त्याने हळूच विचारलं,
"घेवया गो?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि शिंकले.
एकदाच. पण पत्र्यावर नारळ पडावा तशी.

"सत्य!" तो ओरडला.
बोलताना कुणी शिंकलं की त्याची आई असंच म्हणायची,
शिंकेने बोलणं खरं होतं.
मग ती शिंक कसली होती हे त्याच्या लक्षात आलं
आणि तो गप्प झाला, मीही,
गाऱ्हाणं संपल्यावर देवळात होतात तसे.

दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या तर काय धरायचं
हे भटजींना विचारायचं राहून गेलं.
हातावरचा सात अजून पुसट दिसतो.
ज्युडिटचा फोन दोनदा येऊन गेला.
फडकं मी धुतलेलं नाही.
आणि तो आज बांगडे साफ करून
शर्ट न उतरवता उंबरठ्यापर्यंत आला,
थांबला,
माझ्या नाकाकडे बघत.